जाड अक्षरातला क्ष

पुणे, २० ऑगस्ट २०२४

ती. बन्सीकाका,

पायांवर डोकं ठेवते आणि लगेच भांडायला बसते. तुम्ही माझा फोन उचलत नाही. काकू म्हणाली, "हातात ब्रश असला की ते कुणाचाच फोन उचलत न्हाईत, आन् ब्रश नसला की झोपलेले असतेत." म्हणून हे पत्र. पोरीचं अक्षर कसं झालंय ते बघायला का होईना, तुम्ही पाकीट फोडाल.

बातमी अशी, की मला पहिलं स्वतःचं काम मिळालंय. आमच्याकडे फॉन्ट तयार करतात, म्हणजे कंप्युटरवर आणि छपाईत दिसतात त्या अक्षरांचे साचे, हे बाबांनी सांगितलं असेलच. आजवर मी दुसऱ्यांच्या अक्षरांच्या काना-मात्रा नीट करत होते. परवा आमचे शंतनु सर म्हणाले, "एक जाड, गोलसर मराठी फॉन्ट हवाय. टोकं गोल, अंगानं भरलेला. दुकानाच्या पाटीला, लहान मुलांच्या पुस्तकाला, खाऊच्या पुड्याला शोभला पाहिजे. तू कर." वर्ष संपेपर्यंत दाखवायचा आहे. सरांना पटला तर माझ्या नावानं निघेल. नाही पटला तर पुन्हा दुसऱ्यांच्या काना-मात्रा.

सर बोलत होते आणि मला बोरीचा बाजार दिसत होता. पिठाची गिरणी, रसवंती, पाण्याचा टँकर, शाळेची भिंत, सगळ्यांवरची अक्षरं तुमच्या हातची. परभणीहून सुट्टीला यायचे तेव्हा मी वाचायला तुमच्या पाट्यांवरच शिकले. तुम्ही माझ्या पत्र्याच्या पेटीवर पिवळ्या रंगात "अपेक्षा" लिहिलं होतं ना, ती पेटी अजून माझ्या कॉटखाली आहे.

तर मागणी एवढीच. तुमची सगळी अक्षरं ब्रशनं, मोठी, कागदावर काढून पाठवा. मोबाईलवर फोटो नको, त्यात कडा कळत नाहीत. त्यावरून मी माझा फॉन्ट करीन, आणि कुणावरून केला ते सगळ्यांना सांगेन.

तुमची,
अपेक्षा

---

बोरी, २९ ऑगस्ट

चि. अपेक्षास बन्सीकाकाचा आशीर्वाद, आन् न्हाई.

न्हाई आधीच लिवतो, म्हंजी शेवटपर्यंत आशेवर राहायचं काम न्हाई. मी बोलतो तसंच लिवतो, तू शिकलेली हायेस, समजून घे.

तुला पहिलं काम भेटलं हे ऐकून छाती फुगली. सगळ्या बाजारात सांगितलं. पण तुझ्या त्या कंप्युटरनंच माझं दुकान खाल्लं, हे तुला ठावं हाय का? पूर्वी बोरीत पाटी म्हणलं की बन्सी पेंटर. आता बारसं असू दे की वाढदिवस, परभणीहून फ्लेक्स येतो. मधी डझनभर तोंडं, आन् उरल्या जागंत अक्षर कोंबलेलं. अक्षराची काय इज्जत राहिली का त्यात?

आता खरी गोष्ट ऐक. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या सरपंच कुसुमबाईनं ठराव घेतला. ज्या घरात लेक हाय त्या घराच्या दारावर लेकीच्या नावाची पाटी लावायची, २६ जानेवारीच्या आत. ग्रामसेवक म्हणला, परभणीला मशीनवर कापून आणू, एकसारख्या होतील. मी तिथंच उभा राहिलो. म्हणलं, "लेकी एकसारख्या हायेत का? गावातल्या सगळ्या पाट्या मी हातानं लिवणार. आन् मी जित्ता हाय तवर माझ्या गल्लीत मशीनचं अक्षर लागणार न्हाई." टाळ्या पडल्या. कुसुमबाई म्हणली, लिवा पेंटर.

आता सांग, भर सभेत असं बोललेला माणूस कंप्युटरला अक्षर कसं देईल? लोक तोंडावर हसतील.

आमच्या दाराचं म्हणशील तर आमाला लेकरू न्हाई, तवा पाटी बी न्हाई. तुझ्या काकूनं मातर दाराशेजारी हातभर जागा चुना मारून पांढरी करून ठेवलीय. म्हणलं कामून, तर म्हणती, असू द्या.

आशीर्वाद,
बन्सीधर पेंटर

---

पुणे, ५ सप्टेंबर

ती. काका,

तुमचा "न्हाई" पोचला. पत्रातसुद्धा इतका गुबगुबीत काढलाय की रागवताच येईना.

ठीक आहे, नका देऊ. मी आठवणीतूनच काढायला घेतलंय. बोरीच्या रसवंतीची पाटी डोळ्यांपुढे आणते आणि काढते. सोबत एक छापलेला कागद पाठवतेय, त्यावर "ताजा रस" लिहिलंय. बघा, जमलंय का. मला तर बरं वाटतंय. अगदी तुमच्यासारखं नसेल, पण पुण्यात कुणाला काय कळतंय. हे बन्सी पेंटरच्या अक्षरावरून केलं, असंच सांगेन मी.

काकूला नमस्कार. चुना मारलेल्या भिंतीला पण.

अपेक्षा

---

बोरी, १६ सप्टेंबर

अपेक्षा,

आशीर्वाद नंतर, आधी हा कागद.

ह्याला तू माझं अक्षर म्हणतीस? ता, जा, र, स, सगळ्यांच्या डोक्यावर येगळी येगळी रेघ, आन् प्रत्येक रेघंचं टोक गोल. मधी फटी. म्हाताऱ्याच्या दातावानी दिसायलंय. अगं, शिरोरेषा एकच असती. आधी गेरूत बुडवलेलं सूत ताणून मारायचं, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत वढायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचं. टोक गोल करायचं ते शब्द सुरू होताना आन् शब्द सरताना. मधी कशाला? आन् तो र बघितला का? दवाखान्यातून उठून आलाय.

हे माझ्या नावावर पुण्यात दाखवणार व्हतीस? मग ग्रामसभेत लोक हसले असते ते परवडलं असतं.

चार दिस पाट्यांचं काम बाजूला ठिवलं आन् कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर सगळी अक्षरं काढली. गुंडाळी करून धाडायलोय. दुमडू नको, रंग तडकतो.

आता नीट ऐक, कारण हे कॅलेंडरवर दिसायचं न्हाई. जिंतूरच्या उस्तादांपाशी मी शिकलो. उस्ताद उर्दू बी लिवायचे आन् मराठी बी. उर्दूचं वळण मराठीत आलं म्हणून त्यांच्या अक्षराला कुठं टोचतच न्हवतं. ते म्हणायचे, "बेटा, रंग नेहमी कोपऱ्यातून उडतो. कोपराच ठेवू नको." उन्हातान्हात माझी पाटी टिकती ती त्याच्यामुळं. आन् जाड कामून, तर टँकर रस्त्यानं पळतो, वाचणारा बांधावर उभा असतो, त्याला डोळे बारीक करायला लागू नयेत.

चौकोनी अक्षर हुकूम सोडतं, गोल अक्षर या, बसा म्हणतं. म्हणून गिरणीला, रसवंतीला, बालवाडीला हेच. पण सगळीकडं न्हाई. भुजंग शिंप्याचा बाप गेला तवा त्यानं श्रद्धांजलीचा बोर्ड ह्याच अक्षरात मागितला. मी दिला न्हाई. म्हणलं, ह्या अक्षरात लिवलं की म्हातारा हसायलाय असं वाटंल. त्याला बारीक, सरळ अक्षरात लिवून दिलं. तुझ्या सायबाला हे बी सांग.

बन्सीधर

(अपेक्षा, मी काकू. पाकीट डकवायच्या आधी लिवायलेय, ते हात धुवायला गेलेत. भिंतीवरच्या त्या जागंत तुझं नाव लिवा म्हणलं, तर म्हणतेत, ती दादाची लेक हाय, दादाच्या दारावर लागंल, आपण कसं मागावं. रोज दुसऱ्याच्या लेकींची नावं लिवून येतेत आन् त्या जागेकडं बघत चहा पितेत. मी सांगितलं म्हणू नको.)

---

पुणे, १० ऑक्टोबर

ती. काका,

गुंडाळी पोचली. ऑफिसात जमिनीवर पसरली आणि सगळे उठून बघायला आले. शंतनु सर तर चपला काढून कागदांमधून फिरत होते. म्हणाले, "हा माणूस कोण?" मी म्हटलं, माझे काका. इतक्या तोऱ्यात म्हटलं की सर हसायला लागले.

आता एक सांगते, रागावू नका. तो "ताजा रस"चा कागद मी मुद्दाम बिघडवून पाठवला होता. शिरोरेषा मधे गोल करायची नसते हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलंय. माझ्या फॉन्टमध्ये शब्दाच्या दोन्ही टोकांनाच ती गोल होते, मधे सलग राहते. पण सरळ मागून तुम्ही देत नव्हता, आणि चुकीचं अक्षर बघून तुम्हाला झोप लागत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. र काढताना तर मलाच लाज वाटत होती.

काम जोरात आहे. तुमचा ल असा टपोरा आहे की खावासा वाटतो. श्रद्धांजलीचं सरांना सांगितलं, त्यांना फार पटलं. मी एक पानभर मजकूर या अक्षरात लावून बघितला, तर सगळे एकदम बोलायला लागल्यासारखा गोंगाट झाला. म्हणजे हे अक्षर दोन-चार शब्दांचंच. थोडं बोलायचं, पण खणखणीत.

एकच अडचण आहे. गुंडाळीत क्ष नाही. विसरलात का? मी माझा काढला, पण तो काही केल्या जमत नाही. एवढ्या जाड रेघा, त्यात ती गाठ, तो काना. पाटीएवढा मोठा केला तर दिसतो, पण गोळीच्या पुड्यावर येईल एवढा लहान केला की आतली पोकळी बुजते आणि नुसतं ढेकूळ उरतं. सर म्हणाले, "क्ष शिवाय फॉन्ट निघणार नाही. परीक्षा, शिक्षक, रिक्षा, काय काय अडेल."

मला तर आधी माझं नाव अडलंय. मला ते या अक्षरात लिहिलेलं बघायचंय. तुमचा क्ष लवकर पाठवा.

अपेक्षा

---

बोरी, २१ ऑक्टोबर

चि. अपेक्षा,

मुद्दाम बिघडवलास व्हय. दोन दिस तुझ्याशी बोलायचं न्हाई असं ठरवलं, पण तू पुण्यात, मी बोरीत, न बोललेलं तुला कळणार कसं? तुझी काकू पोट धरून हसायलीय. म्हणती, शेरास सव्वाशेर भेटली. मी बी हसलो, पण तिच्यासमोर न्हाई.

क्ष विसरलो न्हवतो. तीन काढलेत, ते सोबत धाडलेत. तिन्ही येगळे दिसतील, आन् तिन्ही तुझ्या कामाचे न्हाईत.

त्याचं असं हाय. सटवाजीच्या लेकीचं नाव दीक्षा. पाटी लिवताना दी काढला, मग पुढं जागा किती ती बघितली, क्ष थोडा खाली वढला, काना लांब सारला. दिसायला झकास. शाळेच्या भिंतीवर "शिक्षण" लिवलं तवा क्ष बाकीच्यांपेक्षा मोठा केला, कुणाला कळलं बी न्हाई. भिंतीवर मला माहीत असतं शेजारी कोण बसलंय. मी त्याला सरकवतो, सांभाळून घेतो. तुझ्या क्षला शेजारी कोण येणार ते ठावं न्हाई. तो एकटाच पाहिजे, कुठं बी बसवला तरी शोभणारा, मोठा बी आन् बारीक बी. तसला क्ष मी जन्मात काढला न्हाई. उस्तादांनी बी काढलेला न्हाई बघितला.

तवा हा तुझा तूच काढ. माझं अक्षर जिथपर्यंत येतं तिथपर्यंत आलं. पुढचं तुझं.

पाट्या चालू हायेत. वरची आळी झाली, आता वेशीकडची. लोक दारात उभं करून चहा पाजतेत, लेकी येऊन आपलं नाव लिवताना बघतेत. एक पोरगी म्हणली, माझ्या नावाला लाल रंग द्या. दिला.

आमच्या भिंतीचं विचारू नको.

बन्सीधर

---

पुणे, ३० डिसेंबर

ती. काका,

मधे पत्र नाही म्हणून काकूचे दोन फोन आले. काय सांगणार होते? नोव्हेंबरात सरांना फॉन्ट दाखवला आणि त्यांनी परत दिला. म्हणाले, "बाकी सगळं सुरेख, पण क्ष बघ. असाच राहिला तर नाही काढता येणार." मी घरी येऊन रडले. मग महिनाभर दुसरं काहीच केलं नाही. क्ष पसरट करून पाहिला, उंच करून पाहिला, गाठच काढून टाकली. तुमचे तिन्ही क्ष भिंतीवर लावले होते, त्यांच्याशी भांडलेसुद्धा.

नाताळच्या सुट्टीत खोली झाडायला काढली. कॉटखालची पेटी ओढली आणि तिच्यावर हात फिरवला. तुमचा पिवळा रंग अजून आहे, फक्त एका ठिकाणी उडालाय. क्षची गाठ जिथे रेघेला मिळते, तिथे रंगाचे थर एकावर एक बसले असणार, तेवढाच पोपडा निघालाय. आणि काका, तो क्ष आता लांबूनही लख्ख वाचता येतो. बाकीचं अक्षर तसंच जाड, फक्त जिथे रेघा भेटतात तिथे थोडी जागा झालीय.

मी तशीच उठून ऑफिसात गेले. क्षच्या रेघा जिथे जिथे भेटतात तिथे आतून बारीक केल्या. बाहेरून अंग भरलेलं तसंच, आत मात्र श्वास घ्यायला जागा. मग तेच म, भ, झ, ज्ञ सगळ्यांना केलं. बारीक छापलं तरी एकही बुजला नाही. सरांनी भिंग लावून एकेक अक्षर तपासलं. मग म्हणाले, "हा तुझा आहे." फॉन्ट निघतोय, काका. माझ्या नावानं.

फॉन्टला नाव द्यायचं होतं. मी कुणाला विचारलं नाही, तुम्हालाही नाही, कारण तुम्ही आधी "न्हाई" लिहिता. आजी तुम्हाला अंगणातून हाक मारायची, तेच नाव ठेवलंय. बन्सी. आता कुठेही, कुणीही खाऊचा पुडा करो की मुलांचं पुस्तक, अक्षर निवडताना "बन्सी" म्हणावंच लागेल.

सोबत एक मोठा छापलेला कागद आहे. त्यावर या अक्षरात एकच शब्द आहे, माझं नाव. तो तुमचा आहे. पेटीत ठेवा, भिंतीला लावा, तुम्हाला वाटेल ते करा. माझी कशालाच हरकत नाही.

तुमचीच,
अपेक्षा

---

बोरी, २७ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा, माझ्या लेकी,

उशीर झाला, पण काम पुरं करूनच लिवायचं ठरवलं व्हतं.

तुझा कागद आला तवा मी दारातच बसलो व्हतो. उघडला आन् आधी क्ष बघितला. जवळून बघितला, मग काकूला म्हणलं, तू कागद धरून रस्त्याच्या पल्याड उभी ऱ्हा. तिथून बघितला. मग तिला विहिरीपर्यंत मागं धाडली. तिथून बी क्ष म्हंजी क्षच. काकू तिकडून वरडायली, "आता काय जिंतूरला जाऊ का?" चाळीस वर्सं ब्रश धरला, पण असा क्ष माझ्या हातून झाला न्हाई, आन् आता माझ्या घरातून झाला. पेटीवरचा रंग उडाला ती माझी चूक म्हणायची, पण तू तिचं सोनं केलंस.

बन्सी ह्या नावाचं आता काय बोलू? माय गेल्यापासून ह्या अंगणात नुसत्या त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं न्हवतं. सगळे पेंटर म्हणतेत. काकूनं त्या दिवशी मुद्दाम दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन परभणीला दादाकडं गेलो. तुझा बाप पेपर वाचीत बसला व्हता. म्हणलं, "दादा, एक मागायचंय." कागद पुढं ठिवला. त्यानं कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "बन्सी, लेक एक असली म्हणून दार बी एकच असावं का?" मग त्यानंच चपला घातल्या. आमी दोघं भाऊ बाजारात गेलो, मशीनवर अक्षर कापतेत त्या दुकानात. तुझं नाव पितळी रंगाच्या पत्र्यातून कापून घेतलं. मी मशीनपाशी उभा व्हतो. क्षच्या गाठीपाशी आलं तवा त्या पोराला म्हणलं, जरा हळू चालव.

काल झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. कुसुमबाई सगळ्यांना घेऊन गल्लीगल्लीनं पाट्या बघायला निघाली. प्रत्येक दारावर लेकीचं नाव, सगळी माझ्या हातची. लोक शाबास पेंटर म्हणायले. फिरत फिरत आमच्या दारापाशी आले. तिथं चुन्याच्या पांढऱ्या जागंवर तुझं नाव लागलेलं. ऊन पडलेलं, अक्षर असं चमकायलं की डोळं दिपलं.

सटवाजीनं जवळ जाऊन बोट फिरवलं. त्याला लगेच कळलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "काय पेंटर, हे तर मशीनचं हाय. मी जित्ता हाय तवर गल्लीत मशीनचं अक्षर लागणार न्हाई, असं भर सभेत म्हणला व्हता तुमी."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. तुझी काकू पदर धरून उभी.

मी म्हणलं, "मशीननं नुसतं कापलंय, सटवाजी. गावातल्या लेकींची नावं मी लिवली. माझ्या लेकीनं तिचं तिनं लिवलं."

तुझा,
बन्सी